रास्पबेरी पायवर माइनक्राफ्ट

रास्पबेरी पाय हा प्रोसेसर, स्मृती आणि सगळ्या जोडण्या एकाच फलकावर बसवलेला, तळहातावर मावणारा स्वस्त संगणक आहे. ठोकळ्यांचे जग खणत आणि रचत जाण्याचा माइनक्राफ्ट हा लोकप्रिय खेळ त्यावर बसवणे हा अनेक मुलांचा लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीशी पहिला परिचय ठरतो. बसवण्याच्या पायऱ्या सगळीकडे सारख्याच आहेत. नागपुरात मात्र हे काम बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत हाती घेतले जाते आणि तेथे आज्ञा बरोबर टंकण्याइतकेच महत्त्व उष्णतेच्या आणि विजेच्या व्यवस्थेला येते.

रास्पबेरी पायचे पहिले मॉडेल २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलर किमतीला विक्रीस आले. त्यात अवघी २५६ एमबी स्मृती होती. स्वीडनमधील मार्कस पेर्सन यांनी सुरू केलेला आणि मोयांग या कंपनीने वाढवलेला माइनक्राफ्ट १८ नोव्हेंबर २०११ रोजी पूर्ण स्वरूपात आला होता, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. त्याआधीच, फेब्रुवारी २०१३ मध्ये, मोयांगने मोबाइलवरील आवृत्तीच्या आधारे खास या फलकासाठी ‘पाय एडिशन’ विनामूल्य दिले होते. त्यात शत्रू नव्हते, जगण्याची धडपड नव्हती, फक्त रचना होती. पण चालू खेळाला पायथन भाषेतून आज्ञा देण्याची सोय होती, आणि या आवृत्तीचे खरे मोल त्या सोयीतच आहे. खेळाडू कुठे उभा आहे हे विचारता येई आणि सांगितलेल्या जागी ठोकळा ठेवता येई. दीक्षाभूमीच्या स्तूपासारखा पोकळ अर्धगोल हाताने रचायला संध्याकाळ पुरणार नाही, परंतु ‘जमिनीच्या वर, केंद्रापासूनचे अंतर १७ ते १८ ठोकळ्यांच्या दरम्यान असेल अशा प्रत्येक जागी पांढरा ठोकळा ठेव’ एवढी एक अट लांबी, रुंदी आणि उंची या तीन निर्देशकांवर एकेक करून फिरणाऱ्या फेऱ्यांमध्ये (लूपमध्ये) लिहिली की घुमट डोळ्यांसमोर उभा राहतो. वर्तुळाचे आणि गोलाचे समीकरण कशासाठी शिकायचे या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मुलाला क्वचितच मिळते.

या आवृत्तीचा विकास पुढे थांबला. ती ३२ बिट प्रणालीसाठी आणि जुन्या चित्रचालकांसाठी (पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी) बांधलेली असल्यामुळे आजच्या रास्पबेरी पाय ओएस या फलकाच्या अधिकृत प्रणालीवर मूळ रूपात सरळ चालत नाही. हौशी विकासकांनी तिची एमसीपीआय-रिबॉर्न ही सुधारित मांडणी जिवंत ठेवली आहे. पूर्ण खेळ हवा असल्यास विकत घेतलेल्या खात्यासह जावा आवृत्ती, म्हणजे संगणकावरची मूळ आवृत्ती, वापरावी लागते. तिचा अधिकृत लाँचर, म्हणजे खेळ उतरवून सुरू करणारा कार्यक्रम, या फलकाच्या एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठी मिळत नसल्याने प्रिझम लाँचरसारखा मुक्त कार्यक्रम वापरतात. पैसे न भरता सुरुवात करायची असेल तर लुआंटी, म्हणजे २०२४ पर्यंत माइनटेस्ट या नावाने ओळखला जाणारा मुक्त खेळ, हा उत्तम पर्याय आहे. तो प्रणालीच्या स्वतःच्या कार्यक्रम-भांडारातूनच बसतो आणि लुआ भाषेत त्यात भर घालता येते. शिकण्याच्या हेतूने येणाऱ्या मुलाला आधी लुआंटी द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जावा आवृत्तीसाठी किमान ४ जीबी स्मृतीचा पाय ४ आणि शक्यतो पाय ५ घ्यावा. रास्पबेरी पाय इमेजर या कार्यक्रमाने ६४ बिट प्रणाली मायक्रोएसडी कार्डवर उतरवून ती अद्ययावत करावी, नंतर खेळ ज्यावर चालतो तो जावा हा आधार-कार्यक्रम आणि लाँचर बसवावा. खेळाच्या १.१७ पासूनच्या आवृत्त्यांना ओपनजीएल या चित्ररेखन-मानकाची किमान ३.२ आवृत्ती लागते, तर या फलकांचा चालक ३.१ जाहीर करतो. म्हणून मेसा या चालकसंचाला वरचा क्रमांक सांगायला लावणारी सूचना लाँचरच्या मांडणीत (सेटिंगमध्ये) द्यावी लागते. जावाचीही आवृत्ती जुळावी लागते : १.१६.५ ला ८, १.१८ ला १७, १.२०.५ ला २१. खेळाला ४ जीबीपैकी सुमारे २ जीबी स्मृती द्यावी, दृश्याचे अंतर ४ ते ६ चंकांवर (चंक म्हणजे १६ बाय १६ ठोकळ्यांचा तुकडा) ठेवावे आणि चित्राची खिडकी लहान करावी, म्हणजे खेळ अडखळत नाही.

आता उष्णतेविषयी. मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ अति उष्ण दिवसांत, वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही निवत नाही. पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोहोचला की स्वतःची गती उतरवू लागतो आणि ८५ अंशांच्या आसपास ती आणखी रोखतो. खेळणाऱ्याला मात्र ‘गेम हँग होतो’ एवढेच दिसते आणि तो बिचारा मांडणी पुनःपुन्हा बदलत बसतो. फलक भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत त्याला ५५ अंशांची मोकळीक असते, ती ४२ अंशांच्या खोलीत ३८ वर येते. पाय ५ चा अधिकृत पंखा ५० अंशांना सुरू होऊन ७५ अंशांना पूर्ण वेगाने फिरतो. नागपुरी दुपारी तो जवळजवळ सतत चालू राहील हे धरूनच धातूचा उष्णताशोषक आणि पंखा पहिल्याच दिवशी बसवावा, आणि बंद प्लॅस्टिकच्या डबीऐवजी जाळीची पेटी निवडावी. कूलरच्या खोलीत हवा थंड मिळते, पण फलक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्या झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषारही येतात. दुपारऐवजी सकाळी खेळण्याचा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे यंत्रालाही लागू पडतो.

विजेची बाजूही तितकीच नाजूक आहे. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर, तर पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक केबल यांनी दाब उतरला की पडद्यावर विजेचे चिन्ह उमटते आणि गती घटते. सीताबर्डीच्या बाजारात अडॅप्टर घेताना त्यावर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा. वायफाय राउटरचा छोटा यूपीएस बऱ्याचदा १२ व्होल्टचा असतो, तो पायला कधीही जोडू नये. घरात इन्व्हर्टर असल्यास त्याच्या लाईनवरचा प्लग वापरावा. कार्डवर लिखाण चालू असताना लाईट गेली तर कार्डवरील नोंदी बिघडतात आणि आठवडाभर रचलेले जग उघडत नाही. म्हणून लाँचरमधील ‘सेव्ह्ज’ फोल्डरची प्रत दर काही दिवसांनी पेनड्राइव्हवर काढून ठेवावी, आणि खेळ संपल्यावर प्लग न उपसता प्रणाली रीतसर बंद करावी.