डॅशबोर्डमधला रिकामा चौकोन

नवी गाडी घेतली की हार, नारळ, पेढे आणि चाकाखाली लिंबं हे ठरलेलं. मराठवाड्यात बरीच वर्षं त्यात आणखी एक विधी होता. पूजा आटोपली की गाडी आधी टेपवाल्याकडे जायची आणि मग घरी. शोरूममधून निघालेल्या गाडीत डेक, म्हणजे गाणी वाजवायचं यंत्र, नसायचाच. डॅशबोर्डच्या मधोमध 18 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर उंच चौकोन असायचा आणि त्यावर काळ्या प्लास्टिकची पट्टी दाबून बसवलेली. पट्टी काढून आत काय घालायचं हे मालकाची हौस, त्याचा खिसा आणि मेव्हण्याचा सल्ला मिळून ठरवायचे. आज दुकानात येऊन 'कंपनीचे स्पीकर काढून दुसरे टाका' म्हणणारं गिऱ्हाईक रोजचं झालंय, पण त्या वाक्यातला 'कंपनीचे' हा शब्द आपल्याकडे तसा नवाच.

गाडीत आवाज आणायची धडपड मात्र जुनी आहे. 1930 साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने गाडीत बसेल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं. किंमत 110 ते 130 डॉलरच्या घरात. दोनच वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्टने आपला कार रेडिओ काढला. त्याचं वजन 15 किलोच्या आसपास होतं आणि किंमत गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हवर, म्हणजे दिव्यासारख्या काचेच्या नळ्यांवर चालत. व्हॉल्व्हला शेकड्याने व्होल्ट लागायचे आणि गाडीची बॅटरी 6 व्होल्टची. मग व्हायब्रेटर नावाचा एक गुंजणारा भाग बॅटरीची वीज तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरमधून वाढवायचा. 1955 साली क्रायस्लरच्या गाड्यांत पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला आणि ही कटकट संपली. बॅटरीची वीज वाढवून घेण्याची ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे त्या काळात मुळात रेडिओच मोजके होते. निजामाच्या राज्यात हैदराबाद आणि औरंगाबादला नभोवाणी केंद्रं होती, ती 1950 साली आकाशवाणीकडे आली. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि त्याचं पुस्तक दरवर्षी नूतनीकरण करून आणावं लागे. ही भानगड 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. त्यामुळे गाडीत रेडिओ म्हणजे डॉक्टर, वकील, जिनिंगवाले शेठ किंवा आमदार. बाकीच्यांसाठी मांडीवर ट्रान्झिस्टर आणि खिडकीतून बाहेर काढलेली त्याची एरियलची काडी. प्रवासात गाडीचं तोंड वळलं की स्टेशन जायचं, ते वेगळंच.

खरा बदल कॅसेटने केला. फिलिप्सने 1963 साली ती काढली, पण मराठवाड्यात ती पसरली 1980च्या दशकात, आणि ती कारमधून नाही, जीपमधून. गावाहून तालुक्याला जाणारी काळीपिवळी हे आपल्याकडचं पहिलं लोकप्रिय कार ऑडिओ. परवाना नऊ जणांचा, आत अठरा, त्यातले दोन मागच्या पायरीवर लटकलेले. इतक्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठाच लागायचा. ड्रायव्हर चांगली गाणी लावतो हे गाडी भरण्याचं एक कारण असायचं. दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या तर तरणी पोरं टेप बघून बसत. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं सकाळच्या फेरीला, भीमगीतं एप्रिलभर, आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीला ड्रायव्हरच्या मनात येईल ते.

या जीपमध्ये स्पीकर बसवायला जागा अशी नव्हतीच. दाराला पत्रा तोही एकेरी, वर ताडपत्री. म्हणून सुताराकडून प्लायची पेटी करून घ्यायची, वरून रेक्झिन किंवा लाल मखमल लावायची आणि पेटी मागच्या बाकाखाली नाहीतर डोक्यावर टपाला टांगायची. आज मागे वळून पाहिलं तर त्या सुताराने नकळत बरोबर काम केलं होतं असं म्हणावं लागतं. स्पीकरचा कागद पुढे ढकलला जातो तेव्हा मागे पोकळी तयार होते. पुढची लहर आणि मागची लहर एकमेकींच्या उलट असतात. दोन्ही मोकळ्या हवेत भेटल्या तर खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि ढोलकीचा फक्त टपटप असा आवाज उरतो. पेटीने मागची लहर कोंडली की डग्गा घुमतो. पेटी किती मोठी हवी याचं नीट गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थिएल यांनी 1961 साली मांडलं, नंतर रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. आमच्या सुताराचं गणित सीटखाली पेटी मावते का, एवढंच होतं.

वायरिंग करणारे लोक आले रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीतून. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना होता, घरोघरी टीव्ही शिरत होते, आणि जिल्ह्याच्या गावी सोल्डर गन धरता येणारी एक पिढी तयार झाली होती. रेडिओ बंद पडायला लागले तसे हे हात गाड्यांकडे वळले. बॅटरी इलेक्ट्रिशियन आणि टेपवाला हे बऱ्याच ठिकाणी एकच दुकान असायचं. बाहेर उन्हात डायनॅमो उघडून पडलेले, आत कॅसेटची रिळं पेन्सिलीने गुंडाळणारा पोऱ्या. मे महिन्यात 42-43 अंशाला डॅशबोर्डवर ठेवलेली कॅसेट वाकायची, डेक रीळ गिळायचा, आणि धूळ तर बारमाही. हेड साफ करायला स्पिरिटचा बोळा हा त्या धंद्याचा रोजचा खर्च होता.

ट्रॅक्टरचाही इथे उल्लेख हवा, कारण शहरी लोक त्याला कार ऑडिओच्या इतिहासात धरत नाहीत. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या टपात डेक आणि मडगार्डवर दोन पेट्या, हे दृश्य ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. इंजिनाच्या धडधडीवर मात करायची तर तिथे 'क्वालिटी' वगैरेला फारसा वाव नव्हता. आपल्या भागात ऑडिओ म्हणजे आधी आवाज आणि मग सूर, ही सवय तिथून आली असं माझं मत आहे. पुढे मिरवणुकांच्या डीजेने ती टोकाला नेली, पण तो धंदा निराळा आणि त्याच्या कोर्टकचेऱ्याही निराळ्या.

आता तो चौकोन. 14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800ची पहिली चावी ग्राहकाच्या हाती गेली. पुढच्याच वर्षी जर्मनीत गाडीच्या रेडिओचं माप ठरवणारं डीआयएन मानक आलं. 180 बाय 50 मिलिमीटर. नंतर आंतरराष्ट्रीय मानक झालं तरी नाव डीआयएनच राहिलं, आणि आपल्या दुकानांतून 'सिंगल डिन' आणि दुप्पट उंचीचं 'डबल डिन' असे दोन घट्ट मराठी शब्द तयार झाले. या मापाने फार मोठं काम केलं. जपानचा डेक, दिल्लीत जुळवलेला डेक, सिंगापूरहून आलेला डेक, सगळे एकाच भोकात बसू लागले. गाडी कंपनीला डेक द्यायची गरज उरली नाही. तिने भोक दिलं, पुढचं बाजाराने पाहिलं. बेस मॉडेल स्वस्तात विकण्याचा तो सोपा मार्ग होता आणि लातूर, नांदेड, परभणीतल्या कितीतरी दुकानांचं भाडं त्या भोकातून निघालं.

माल यायचा दोन वाटांनी. औरंगाबाद आणि जालन्याचे दुकानदार मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जात. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादचं कोटी मार्केट जवळचं, भाषेचीही अडचण नाही, दखनीत घासाघीस व्हायची. 1991च्या आधी परदेशी डेकवर जबर कर होता, तेव्हा सौदीत किंवा दुबईत कामाला गेलेला शेजारी सुटीवर येताना डेक आणायचा आणि तो गल्लीत चर्चेचा विषय व्हायचा. चोऱ्याही तितक्याच. म्हणून निघणाऱ्या पॅनेलचे डेक आले. लग्नाच्या मांडवात शर्टाच्या खिशातून डेकचा चेहरा डोकावणारा माणूस म्हणजे गाडीवाला, ही ओळख होती.

मग सुमो आली 1994 साली, बोलेरो 2000ला, स्कॉर्पिओ 2002ला. मागच्या काचेखाली सहा बाय नऊ इंचांचे लंबगोल स्पीकर आणि सीटमागे बेसट्यूब, म्हणजे बेससाठीचा नळकांडीतला स्पीकर, हा या काळाचा राष्ट्रीय पोशाख. आणि याच काळात वॅटचा घोळ सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही.

डेकवर ठळक लिहिलेलं असतं, 50 गुणिले 4. म्हणजे चार स्पीकरना प्रत्येकी 50, आणि दुकानदार म्हणतो दोनशे वॅट. आता गाडी चालू असताना बॅटरीच्या तारेत 14.4 व्होल्ट मिळतात. स्पीकर 4 ओहमचा. या दोन आकड्यांतून स्वच्छ आवाजाची कमाल मर्यादा निघते, ती एका स्पीकरमागे सुमारे 26 वॅट. प्रत्यक्षात 18-20 हाती लागतात. उरलेले 30 खोक्यावरच्या शाईत असतात. व्हॉल्यूम त्याहून वर नेला की लहरीचं टोक छाटलं जातं, आणि स्पीकर जळतो तो बहुधा या छाटलेल्या आवाजाने. 'स्पीकर हलका निघाला' म्हणून भांडायला आलेल्या दहांतले निम्मे तरी इथेच चुकलेले असतात. याच्या पलीकडे जायचं तर अँप, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा अँप्लिफायर लागतो. 1970च्या दशकात अमेरिकेत जिम फॉसगेट यांनी गाडीसाठी वेगळे अँप बनवायला सुरुवात केली. अशा अँपमध्ये बॅटरीचे व्होल्ट आधी वाढवून घेतले जातात आणि मग स्पीकरला दिले जातात. म्हणजे 1930च्या दशकातल्या व्हायब्रेटरचीच युक्ती, फक्त गुंजन गेलं. आणि वाढीव वीज फुकट येत नाही. 400 वॅटचा खरा अँप बॅटरीतून 35 अँपिअरच्या पुढे ओढू शकतो. त्याला घरातल्या पंख्याची वायर लावली की रात्री प्रत्येक बेसला हेडलाइट लुकलुकतात. बॅटरीच्या वीतभर अंतरात फ्यूज नसेल तर त्याहून वाईट घडतं.

'कंपनीचे' हा शब्द याच वेळी कानावर पडू लागला. 2001 साली औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळायला लागली. गाडीबरोबरच डेक, दारांत स्पीकर, तारा जोडायचे रंगीत कपलर. परदेशात हे आधीच सुरू झालं होतं. बोसने जनरल मोटर्सच्या 1983च्या मॉडेलांसाठी त्या-त्या गाडीच्या अंतर्भागाचं मोजमाप घेऊन सिस्टीम बनवली होती. 2010 साली औरंगाबादकरांनी मिळून एकाच वेळी 150 मर्सिडीज घेतल्या, तेव्हा त्या गाड्यांच्या सिस्टीमला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण स्वस्त गाड्यांतही हळूहळू दोन, मग चार स्पीकर येऊ लागले, आणि ते उघडून पाहिल्यावर आमचे फिटर हसले. पातळ कागद, रुपयाएवढं मॅग्नेट, चौकटही प्लास्टिकची.

हसावं इतकं ते सोपं नाही. गाडी कंपनी लाखांत गाड्या बनवते, तिथे स्पीकरमागे पन्नास रुपये वाचले तरी मोठी रक्कम होते, आणि वजनही मोजलं जातं. शिवाय तो हलका कागद डेकच्या 18 वॅटवर बऱ्यापैकी वाजतो. त्याच्या जागी जड रबरी कडेचा, शंभर वॅट पचवणारा स्पीकर नुसता बसवला तर आवाज कधीकधी कमीच होतो, कारण त्याला हलवायला ताकद लागते. वीज दुप्पट केली तर वाढतात फक्त 3 डेसिबल. गिऱ्हाईकाला हे सांगून पटत नाही.

मला विचाराल तर पहिला खर्च दारावर करावा. आतल्या पत्र्याला कारखान्याने ठेवलेली मोठी भोकं असतात, त्यांतून मागची लहर पुढे येते आणि बेस मरतो, जीपच्या काळातलीच गोष्ट. ती भोकं बुजवली, पत्र्याची थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट चिकटवली आणि स्पीकरखाली घट्ट रिंग दिली, तर कंपनीचाच स्पीकर ओळखू येत नाही. जीपच्या सुताराची पेटी होती, ती आता दारालाच करायची. काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून ते फारसं विकलं जात नाही.

मधल्या काळात कॅसेट गेली, सीडी आली आणि आमच्या रस्त्यांवर उड्या मारून गेली. पेनड्राइव्ह आला तेव्हा मोबाइलच्या दुकानात गाणी भरून देण्याचा जोडधंदा चालला, नंतर ब्लूटूथने तोही गिळला.

आणि आता चौकोनच नाहीसा झालाय. स्क्रीन डॅशबोर्डला जोडूनच येते. एसीचं तापमान, मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, सगळं तिच्यात, आणि हे भाग एकमेकांशी कॅन नावाच्या दोन तारांच्या वाटेने बोलतात. बॉशने ही पद्धत 1986 साली मांडली. डेक उपटला तर गाडी तक्रार करते, आणि वायर कापली असेल तर वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरवालाही करतो. म्हणून धंदा उलटा फिरलाय. डेक कंपनीचाच ठेवायचा, स्पीकरकडे जाणाऱ्या तारांतून कन्व्हर्टरने आवाज उचलायचा, डीएसपी अँपमध्ये, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या अँपमध्ये, नीट करायचा आणि नव्या स्पीकरना द्यायचा. एकही वायर न कापता, कपलरला कपलर जोडून. पूर्वी टेस्टर दातात धरून काम करणारा फिटर आता लॅपटॉप मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि उजव्या दाराचा आवाज मिलिसेकंदाने उशिरा सोडतो, म्हणजे डाव्या दाराचा लांबून येणारा आवाज त्याला गाठेल. गाणं मात्र गिऱ्हाईक सांगेल ते, आणि ते बहुधा ढोलकीचं असतं.