महिन्याला थोडे थोडे की एकदम सगळे?

केनियाच्या पश्चिम टोकाला, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला सियाया नावाचा जिल्हा आहे. बराक ओबामांच्या वडिलांचं गाव तिथलंच. एरवी या जिल्ह्याचं नाव आपल्या कानावर पडायचं काही कारण नाही. पण अर्थशास्त्रज्ञांना तो चांगला ठाऊक आहे. गरिबाच्या हातात थेट पैसे दिले तर नेमकं काय होतं, हे जितक्या बारकाईने तिथे मोजलं गेलंय तितकं जगात फार कमी ठिकाणी मोजलं गेलं असेल.

पैसे देणारी संस्था अमेरिकेची, नाव गिव्हडायरेक्टली. गरीब कोण हे ठरवायला तिने उत्पन्नाचे दाखले मागवले नाहीत, घराचं छप्पर पाहिलं. गवताने शाकारलेलं असेल तर घर पात्र, पत्र्याचं असेल तर नाही. पैसे थेट मोबाइलवर, एम-पेसावर. केनियात ही सेवा २००७ पासून आहे आणि साध्या बटणांच्या फोनवरही चालते. पैसे कशावर खर्च करायचे याची अट नाही, नंतर हिशोब मागणारं कोणी नाही.

छपराची खूण सोयीची तर होतीच, पण तिच्यात गरिबीचं अख्खं गणित दडलेलं आहे. गवती छप्पर वरवर स्वस्त वाटतं. पण ते वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा शाकारावं लागतं, त्याला गवत लागतं, मजुरी लागते, आणि तरी पावसाळ्यात ते गळतंच. पत्रा एकदा टाकला की कितीतरी वर्षं वर बघावं लागत नाही. दहा वर्षांचा हिशोब मांडला तर पत्राच परवडतो. घरातल्या बाईला हे कळत नाही असं अजिबात नाही. पत्र्याला लागणारी रक्कम एका वेळी तिच्या हातात कधी येतच नाही, एवढंच. गरिबी महाग पडते ती अशी.

२०११ ते २०१३ या काळात योहानेस हौसहोफर आणि जेरेमी शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनी याच भागात एक प्रयोग केला. पैसे कोणाला मिळणार हे सोडतीने ठरलं, म्हणजे मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात नशीब सोडून दुसरा फरक नाही. औषधांच्या चाचण्या जशा होतात तशीच ही पद्धत. शिवाय पैसे मिळालेल्यांतही गट पाडले होते: काहींना रक्कम एकदम, काहींना तीच रक्कम महिन्याच्या हप्त्यांनी, काही घरांत नवऱ्याच्या नावावर, काहींत बायकोच्या.

साधारण नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हा मदत मिळालेल्या घरांचा महिन्याचा खर्च १५८ डॉलरवरून १९३ डॉलरवर गेलेला होता (हे डॉलर तिथल्या क्रयशक्तीच्या हिशोबाने, म्हणजे तिथली स्वस्ताई धरून). पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो गटांमधला फरक. हप्त्यांनी पैसे मिळालेल्या घरांत पोटभर जेवणाची खात्री वाढली. एकरकमी मिळालेल्यांनी टिकाऊ वस्तू घेतल्या, घरावर पत्रा टाकला. माणसं तशीच, रक्कम तीच, पण ती हातात कशी पडली यावर तिचं काय झालं ते ठरलं. नवऱ्याला दिले की बायकोला, याने खर्चाच्या आकड्यांत फारसा फरक दिसला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शापिरो हे गिव्हडायरेक्टलीच्या संस्थापकांपैकी एक. आपल्याच संस्थेची परीक्षा आपणच घेतली, असं कोणीही म्हणेल. यावरचा उपाय म्हणून काय मोजणार आणि कसं मोजणार हे आकडे हाती येण्याआधीच लेखी जाहीर केलेलं होतं. आणि पुढे दुसऱ्या देशांत, दुसऱ्या संशोधकांच्या हातून झालेल्या प्रयोगांचा कलही बराचसा तोच निघाला.

पैसे वाटायचा विषय निघाला की आपल्याकडे तीन वाक्यं ठरलेली असतात. दारूत जातील, लोक आळशी होतील, महागाई वाढेल. पहिल्या दोन वाक्यांचा निकाल बऱ्यापैकी लागलेला आहे. डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोवा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. थेट पैसे मिळाल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं दिसलं नाही. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात सरकारी योजना तपासल्या. लोकांनी काम करणं कमी केल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. प्रत्येक गावात एखादा पैसे उडवणारा निघतोच आणि चर्चा त्याचीच होते. सरासरी पारावर बसत नाही.

तिसरं वाक्य मात्र गांभीर्याने घ्यावं असं आहे. गावात अचानक पैसा आला आणि दुकानात माल तेवढाच असला तर भाव चढणारच, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं. ते तपासायला सियायातच मोठा प्रयोग झाला: ६५३ गावं, १०,५०० हून जास्त गरीब घरं, प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर. पैसे जोरात येत होते त्या काळात ही रक्कम त्या भागाच्या वार्षिक उत्पन्नाच्या १५ टक्क्यांहून अधिक भरली. एवढा पैसा ओतून भाव किती चढले? सरासरी ०.१ टक्का. जवळपास काहीच नाही.

आणि ज्यांना एक पैसाही मिळाला नव्हता त्यांचाही खर्च वाढला, तोही जवळजवळ मिळालेल्यांइतका. कारण पत्रा घेतला की सुतार लागतो, सुताराला मजुरी मिळाली की तो बाजारात मासे घेतो, मासेवालीच्या घरी चार पैसे जास्त येतात. एका डॉलरने त्या भागात साधारण अडीच डॉलरची उलाढाल झाली, असा संशोधकांचा अंदाज आहे. भाव का चढले नाहीत, याचं उत्तर रिकाम्या वेळात आहे. खेड्यातला दुकानदार दिवसभर दुकान उघडून बसतो, गिऱ्हाइकं मात्र मोजकीच. पिठाची गिरणी अर्धा दिवस बंदच. गिऱ्हाइकं वाढली म्हणून दुसरी गिरणी आणावी लागत नाही, आहे ती जास्त वेळ चालते.

हा अडीचचा आकडा उचलून कुठेही चिकटवता येत नाही, हे खरं. सियायात पैसा बाहेरून आला, दुसऱ्या देशातल्या देणगीदारांचा. सरकार योजना काढतं तेव्हा पैसा कराचा नाही तर कर्जाचा असतो, म्हणजे कुठूनतरी काढूनच इथे दिलेला. शिवाय दुकानं आणि हात रिकामे नसतील तिथे भाव चढूही शकतात.

आता पुन्हा हप्ता आणि एकरकमी यांच्याकडे. २०१८ पासून केनियात याहूनही लांब पल्ल्याचा प्रयोग चालू आहे, बॅनर्जी त्यातही आहेत. १९५ गावांना पैसे, १०० गावं तुलनेसाठी. ४४ गावांतल्या प्रत्येक प्रौढाला दरमहा सुमारे २२ डॉलर, तब्बल १२ वर्षं. ८० गावांत तेवढेच दरमहा, पण दोनच वर्षं. आणि ७१ गावांत दोन वर्षांचे सगळे एकदम, म्हणजे ५०० डॉलरच्या आसपास.

दोन वर्षांनी पाहिलं तर नवे धंदे उभे करण्यात एकरकमी गट पुढे आणि दोन वर्षांचा मासिक गट मागे, हे अपेक्षेप्रमाणेच. पण १२ वर्षांच्या गटालाही तोपर्यंत नेमका तेवढाच पैसा मिळाला होता, तोही महिन्यालाच, आणि तरी तो एकरकमी गटाच्या जोडीला होता. हे कसं? आपल्या वाचकाला उत्तर पटकन कळेल, कारण ते उत्तर म्हणजे भिशी. पुढची दहा वर्षं दर महिन्याला पैसे येणारच, ही खात्री असल्यावर लोकांनी आपापसात भिश्या लावल्या आणि आळीपाळीने मोठी रक्कम उचलली. योजनेने हप्ते दिले, लोकांनी त्यांची एकरकमी करून घेतली. दोनच वर्षांच्या गटात हे कमी झालं. पैसे बंद होणार हे माहीत असताना लांबची भिशी कोण लावणार? कामाचे तास कोणत्याच गटात घटले नाहीत. लोक दुसऱ्याच्या मजुरीवरून स्वतःच्या धंद्याकडे वळले.

रक्कम हातात कधी पडते याचाही परिणाम किती मोठा, हे २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. त्याच ६५३ गावांत संशोधक पुन्हा गेले आणि लाखाहून जास्त बाळंतपणांची माहिती गोळा केली. पैसे मिळालेल्या घरांत वर्षाच्या आतल्या बालकांचे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी झाले होते. सगळ्यात जास्त फायदा झाला तो बाळंतपणाच्या आगेमागे पैसे हातात पडले त्या घरांत, आणि जवळ डॉक्टर असलेलं रुग्णालय होतं तिथे. शेवटच्या महिन्यांत बाईला शेतावर राबावं लागलं नाही, तिच्या पोटात दोन घास जास्त गेले, वेळ आली तेव्हा दवाखाना गाठता आला. दवाखानाच लांब असेल तर नुसत्या पैशाने तेवढं साधत नाही. आणि पैसे थांबले तसे हे प्रमाणही पुन्हा आधीच्या पातळीजवळ गेलं.

उत्साहाच्या भरात दुसरी बाजू राहून जायला नको. रवांडात साधारण सव्वाशे डॉलरच्या मदतीने मुलांच्या पोषणात फारसा फरक पडला नाही, पाचशेच्या पुढे गेल्यावर पडला. उत्तर युगांडात धंद्यासाठी तरुणांना सुमारे ३८० डॉलर दिले, चार वर्षांनी त्यांची कमाई ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी न मिळालेल्यांनीही त्यांना गाठलं. अमेरिकेत तर चित्र आणखी फिकं. तिथे तीन वर्षं महिन्याला १,००० डॉलर दिल्यावर लोकांनी आठवड्याला सरासरी सव्वा तास काम कमी केलं. जिथे भांडवलाअभावी माणूस अडकलेला आहे तिथे पैसा गाठ सोडवतो. गाठ दुसरीच असेल तर तो नुसता खर्च होतो, आणि त्यातही वाईट काही नाही, पण त्याला उपजीविका सुधारली असं म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झाली. पहिल्या वर्षात दोन कोटींहून जास्त महिलांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये. योजना सगळ्या राज्यात एकदम लागू झाल्याने तुलनेला 'न मिळालेली गावं' उरलीच नाहीत, आणि तिने नेमकं काय साधलं हे सियायासारखं मोजणं अवघड होऊन बसलं. राजकारणाचा भाग सोडून देऊ. पण रचना पाहिली तर ही मासिक हप्त्याची योजना आहे, आणि पुढचा हप्ता कधी येणार याची चर्चा दर महिन्याला रंगते. वरच्या प्रयोगांवरून पाहिलं तर अशा पैशाने किराणा, गॅस, औषधं, मुलांची फी भागेल, धंदा उभा राहणं कठीण. बारा जणींनी १,५०० ची भिशी लावली तर दर महिन्याला एकीच्या हातात १८,००० येतात. त्यात एक-दोन शेळ्या येतात, नाहीतर पिको-फॉलचं मशीन. पण त्यासाठी पुढचे बारा हप्ते वेळेवर येणार याची बाराही जणींना खात्री हवी.

कॅरोलिना कान्सिकास, आनंदी मणी आणि पॉल निहाउस यांनी केनियातल्या गरीब कुटुंबांना एक साधा प्रश्न विचारला: पैसे तुम्हाला कसे आणि कधी हवेत? बहुतेकांना मोठ्या रकमा हव्या होत्या. बरेच जण तर म्हणाले, आत्ता नकोत, काही महिन्यांनी द्या. आपल्याकडच्या अर्जात आधार, बँक खातं, रेशन कार्ड सगळं विचारतात, हे विचारत नाहीत. दरमहा १,५०० की जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणी आणि शाळा एकदम अंगावर येतात तेव्हा, वर्षाचे १८,०००? जिची चूलच त्या हप्त्यावर पेटते त्या महिलेला हप्ताच हवा असणार, आणि तो तिला मिळावा. जिला एकरकमी हवी तिला ती निवडता यावी. तिजोरीतून वर्षाचा पैसा बाहेर पडायची वेळ बदलेल, एकूण रक्कम नाही. काही तालुक्यांत सोडतीने हा पर्याय द्यायचा, काहींत नाही, आणि दोन वर्षांनी दोन्हीकडच्या घरांत जाऊन मोजायचं: शेळ्या किती, मशीन किती, सावकाराचं देणं किती उरलं.