कामगारांसाठी आमदारकी लढवायचीय? फॉर्म कसा भरायचा, कागद कुठले लागतात

किमान वेतनाचे दर राज्य सरकार ठरवतं, माथाडी कायदा १९६९ साली विधिमंडळातूनच आला, घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदाही तिथलाच. म्हणून कमी पगारात राबणाऱ्यांपैकीच कोणीतरी तिथे बसायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं आणि पात्रता बघितली तर ती कोणाच्याही आवाक्यातली आहे. भारताचं नागरिकत्व, वय २५ पूर्ण, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव, बस. शिक्षणाची अट नाही. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला लागतो, आणि सरकारी नोकरीत असाल तर आधी राजीनामा.

मोर्चा, संपाच्या केसेस अंगावर असतील तर घाबरू नका, नुसती केस चालू असल्याने कोणी अपात्र होत नाही, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर होतं. पण केस लपवायची नाही, अ‍ॅफिडेव्हिटमध्ये लिहायचीच.

फॉर्म म्हणजे नमुना २ब, सोबत नमुना २६ चं अ‍ॅफिडेव्हिट नोटरी करून. त्यात तुमची, नवराबायकोची, अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्ज, पॅन, केसेस सगळं येतं, आणि एकही रकाना कोरा सोडायचा नाही, काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा, कोरे रकाने सांगूनही भरले नाहीत तर अर्ज बाद होऊ शकतो. डिपॉझिट १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ते जप्त होतं. नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर तिथल्या यादीची प्रमाणित प्रत जोडा.

आता सगळ्यात नाजूक भाग, सूचक, म्हणजे फॉर्मवर सही करून तुमचं नाव सुचवणारे मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार पाहिजेत. आपल्या माणसांची नावं बऱ्याचदा गावच्या यादीत असतात, राहतात भलतीकडे, म्हणून प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक आधी तपासा. अंगठा देणारे सूचक असतील तर घरी अंगठा घेऊन चालत नाही, तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा निवडणूक आयोगाने ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोरच द्यावा लागतो, त्यामुळे त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडणार हे धरूनच चला आणि तसं आधी बोलून ठेवा. दहाच्या जागी बारा-तेरा जण तयार ठेवले तर बरं.

निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं फॉर्म भरायच्या निदान एक दिवस आधी उघडायचं. फॉर्म सकाळी ११ ते दुपारी ३ मध्येच घेतात, आत उमेदवार धरून पाच जण. निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर ऑनलाइन भरला तरी प्रिंट सही करून प्रत्यक्ष द्यावीच लागते. जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात, एकात चूक निघाली तर दुसरा असतो, मी तर किमान दोन भराच म्हणेन, डिपॉझिट एकदाच लागतं. उमेदवाराची संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यायला विसरू नका, ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झाली पाहिजे.

खर्चाची मर्यादा ४० लाख, आपला तेवढा होणार नाही पण हिशोब सगळ्यांनाच द्यावा लागतो, निकालानंतर ३० दिवसांत, हरलात तरी. नाही दिला तर तीन वर्षं अपात्र ठरवू शकतात, म्हणजे पुढची निवडणूकही हातची जाऊ शकते.