नवा डॉक्टर : ‘डॉक्टर हू’ मालिकेतील नायकबदल आणि चाहत्यांचा प्रतिसाद

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेत प्रमुख भूमिका करणारा कलावंत बदलला, की प्रेक्षकांत उमटणारी प्रतिक्रिया हा या लेखाचा विषय आहे. ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा कालप्रवासी आहे. बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारखे (पोलिसांना बोलावण्यासाठी रस्त्यावर असलेल्या टेलिफोनच्या खोक्यासारखे) दिसणारे ‘टार्डिस’ हे यान घेऊन तो काळात आणि अवकाशात भटकतो. मरणाच्या दारात पोचला, की त्याचे शरीर आमूलाग्र बदलते आणि नवा चेहरा, नवा आवाज, नवा स्वभाव घेऊन तोच डॉक्टर पुन्हा उभा राहतो. या कायापालटाला मालिकेत ‘रीजनरेशन’ म्हणतात. इतर मालिकांत नट बदलला तर ते झाकण्याची धडपड असते. इथे बदल सर्वांच्या डोळ्यांदेखत, कथेच्या ऐन मध्यावर होतो. त्यामुळे चाहत्यांचे जुन्यासाठी हळहळणे आणि नव्याला नाके मुरडणे हा मालिकेच्या इतिहासाचाच भाग झाला आहे.

पहिला डॉक्टर साकारणारे विल्यम हार्टनेल १९६६ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे बाहेर पडले. लोकप्रियता टिकून असलेली मालिका नायकाबरोबर बंद करायची का, हा प्रश्न निर्माते इनेस लॉइड आणि कथासंपादक गेरी डेव्हिस यांच्यापुढे होता. डॉक्टर मुळात पृथ्वीवरचा नाही, मग त्याचे शरीर बदलायला काय हरकत आहे, हे त्यांनी शोधलेले उत्तर. आज ते सरळ वाटते, पण तेव्हा हा जुगार होता. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी दाखवलेल्या भागाच्या अखेरीस हार्टनेल यांचा चेहरा प्रकाशात विरघळला आणि त्या जागी पॅट्रिक ट्रॉटन यांचा चेहरा दिसू लागला. हा भाग बीबीसीच्या संग्रहातून नाहीसा झाला. बदलाचे ते काही क्षण मात्र ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात वापरले गेल्यामुळे वाचले. ‘रीजनरेशन’ हा शब्द तेव्हा नव्हता. तो मालिकेत पहिल्यांदा उच्चारला गेला १९७४ मध्ये, जॉन पर्टवी यांच्या जागी टॉम बेकर आले त्या वेळी.

ट्रॉटन यांची पहिली कथा ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ ५ नोव्हेंबर १९६६ पासून सहा भागांत दाखवली गेली. नवा डॉक्टर प्रेक्षकांच्या गळी कसा उतरवावा याचा वस्तुपाठ म्हणून ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. डॉक्टरबरोबर बेन आणि पॉली हे दोन सहप्रवासी आहेत. पॉलीचा विश्वास बसतो, बेनचा बसत नाही. तो जुन्या डॉक्टरची अंगठी नव्याच्या बोटात घालून पाहतो, तर ती ढिली होते. त्यावर नवा डॉक्टर फुलपाखराचा दाखला देतो : पंख पसरल्यावर ते पुन्हा कोशात कसे मावेल? त्यात हा डॉक्टर स्वतःचा उल्लेख तिऱ्हाइतासारखा करतो आणि सरळ उत्तर द्यायच्या वेळी बासरी वाजवत बसतो. घरोघरी पडद्यासमोर बसलेल्यांच्या मनात जे चालले होते, तेच बेनच्या तोंडी दिले होते. अखेर ओळख पटवतो तो शत्रू. डॉक्टरचा जुना, यंत्रकवचातला परग्रहवासी वैरी डालेक नव्या चेहऱ्याकडे पाहताक्षणी हाच डॉक्टर हे ओळखतो. मित्राला शंका आणि वैऱ्याला खात्री, ही योजना लेखकाच्या प्रतिभेची साक्ष आहे.

तरीही सगळे लगेच राजी झाले नाहीत. बीबीसीच्या त्या काळच्या प्रेक्षकपाहणीत नव्या डॉक्टरविषयी नाराजी नोंदली गेली. एवढ्या बुद्धिमान शास्त्रज्ञाचा विदूषक करून टाकला, असा एक सूर होता. पुढे ट्रॉटन तीन वर्षे ही भूमिका करत राहिले आणि त्यांची वाखाणणी आजतागायत चालू आहे. अकरावा डॉक्टर झालेले मॅट स्मिथ यांनी आपल्या भूमिकेची प्रेरणा म्हणून ट्रॉटन यांचेच नाव घेतले आहे. ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ची चित्रफीतही आज उरलेली नाही. काही चाहत्यांनी प्रक्षेपण चालू असताना घरच्या टेपरेकॉर्डरवर आवाज टिपून ठेवला होता. त्याच ध्वनीवर २०१६ मध्ये ॲनिमेशन करून ही कथा पुन्हा उभी करण्यात आली.

चाहत्यांच्या बोलण्यात ‘माझा डॉक्टर’ हा शब्द वारंवार येतो. ज्याच्या काळात आपण मालिका बघायला लागलो, बहुधा लहानपणी, तो माझा डॉक्टर. नव्या नटाला होणाऱ्या विरोधाचे मूळ इथे आहे. नवा माणूस वाईट आहे म्हणून राग नसतो, आपला माणूस गेल्याचे दुःख असते. टॉम बेकर यांच्या बाबतीत हे सर्वांत तीव्र होते. १९७४ ते १९८१ अशी सात वर्षे ते डॉक्टर होते. इतका काळ ही भूमिका मालिकेत सलग कोणीच केलेली नाही. त्यांचा भलामोठा लांब मफलरही योगायोगाने जन्मला. विणणाऱ्या बाईंना गरजेपेक्षा किती तरी जास्त लोकर दिली गेली आणि त्यांनी ती सगळी विणून टाकली. शाळकरी मुलांची एक पिढी या एकाच डॉक्टरबरोबर मोठी झाली. त्यामुळे १९८१ मध्ये पीटर डेव्हिसन आले तेव्हा तुलना अटळ होती. निवड झाली तेव्हा ते २९ वर्षांचे होते आणि दुसऱ्या एका मालिकेतील तरुण पशुवैद्य म्हणून घरोघरी परिचित होते. त्यांना जम बसवायला फार वेळ लागला नाही.

खरा तडाखा बसला तो त्यानंतर, आणि त्याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत. मार्च १९८४ मध्ये डेव्हिसन यांची शेवटची कथा ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ संपली आणि लगेच पुढच्या आठवड्यात कॉलिन बेकर यांची पहिली कथा ‘द ट्विन डायलेमा’ सुरू झाली. सुरुवातीला डॉक्टर नकोसा वाटावा आणि मग त्याचे पापुद्रे हळूहळू सुटत आतला भला माणूस दिसावा, असा बेत होता. कागदावर बेत वाईट नव्हता. पण कायापालटाच्या धक्क्यात हा डॉक्टर आपली सहप्रवासी पेरी हिचा गळा आवळतो. अंगात ठिगळाठिगळांचा भडक रंगीबेरंगी कोट असतो, जो खुद्द बेकर यांनाही पसंत नव्हता. आणि ही कथा त्या हंगामातली शेवटची होती. पापुद्रे सुटायची वाट पाहायची, तर पुढचा भाग थेट जानेवारी १९८५ मध्ये! म्हणजे गळा आवळणारा डॉक्टर नऊ महिने प्रेक्षकांच्या मनात तसाच राहिला. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझीन’ने तोवरच्या दोनशे कथांवर वाचकांचा कौल घेतला. त्यात ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ पहिली आली आणि ‘द ट्विन डायलेमा’ दोनशेवी. लागोपाठ दाखवलेल्या दोन कथा, आणि त्यांच्यात संपूर्ण मालिकेचे अंतर.

१९८५ मध्ये मालिका दीड वर्षासाठी थांबवली गेली आणि १९८६ मध्ये बेकर यांना भूमिकेतून काढण्यात आले. केवळ निरोपाच्या प्रसंगासाठी परत यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनाच बेकर यांच्यासारखा केसांचा टोप घालून जमिनीवर पालथे पडावे लागले. पण गोष्ट तिथे संपत नाही. ‘बिग फिनिश’ या संस्थेने १९९९ पासून डॉक्टरच्या श्राव्य कथा काढल्या. त्यांत बेकर यांना चांगल्या संहिता मिळाल्या, आणि ज्यांनी त्यांना नापसंत केले होते त्यांतले कित्येक जण या आवाजाचे चाहते झाले. माणूस तोच होता, बदलले होते ते लेखन. नव्या डॉक्टरविषयीच्या रागाचा विचार करताना हे उदाहरण कधीच नजरेआड करू नये असे वाटते.

मालिका १९८९ मध्ये बंद पडली. १९९६ च्या दूरचित्रपटात पॉल मॅगॅन डॉक्टर झाले, पण मालिका काही सुरू झाली नाही. ती २६ मार्च २००५ रोजी रसेल टी. डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली परतली, ख्रिस्तोफर एकल्स्टन यांना घेऊन. पहिला भाग दाखवून आठवडाही झाला नव्हता तोच ते एकाच हंगामानंतर सोडणार असल्याची बातमी आली. नव्या पिढीला कायापालट म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. डेव्हिस यांनी त्यांच्यासाठी १९६६ चीच युक्ती नव्याने वापरली. २००५ च्या नाताळच्या विशेष भागात डेव्हिड टेनंट बराचसा वेळ पायजम्यात बेशुद्ध पडून आहेत. त्यांच्याशेजारी सहप्रवासी रोझ, बिली पायपर यांनी साकारलेली, आपला डॉक्टर आपल्याला टाकून गेला म्हणून रडते आहे. थर्मॉसमधला चहा टार्डिसमध्ये सांडतो, त्याची वाफ नाकात जाते आणि हा गडी ताडकन उठून उभा राहतो. त्या दिवसापासून टेनंट ज्यांचे ‘माझा डॉक्टर’ झाले, त्यांची गणती करणे अवघड आहे.

साहजिकच, जानेवारी २००९ मध्ये मॅट स्मिथ यांचे नाव जाहीर झाले तेव्हा पुष्कळांचा पहिला प्रश्न होता, हा कोण? वय अवघे २६. शेकडो वर्षे जगलेला डॉक्टर हा पोरगेला मुलगा कसा करणार, अशी चिंता व्यक्त झाली. ३ एप्रिल २०१० च्या भागात उत्तर मिळाले. कथेच्या सुरुवातीला तो एका लहान मुलीच्या स्वयंपाकघरात सफरचंद, दही, बेकन, घेवडा असे एकेक चाखून थुंकतो. जीभ नवी आहे, तिला काय आवडते हे त्याचे त्यालाच माहीत नाही. शेवटी पसंत पडते ते माशाचे काप कस्टर्डमध्ये बुडवून खाणे. प्रेक्षकालाही त्या वेळी हेच करायचे असते, चव घेऊन बघायची. भागाच्या अखेरीस शत्रूपुढे आधीच्या दहाही डॉक्टरांचे चेहरे एकामागून एक झळकतात आणि त्या प्रतिमेतून पुढे येतात ते स्मिथ. तिथे वयाचा मुद्दा संपला.

ऑगस्ट २०१३ मध्ये पीटर कपाल्डी यांची निवड एका थेट कार्यक्रमात जाहीर झाली. ते ५५ वर्षांचे होते. हार्टनेलही याच वयात डॉक्टर झाले होते. शाळकरी वयात कपाल्डी स्वतः मालिकेचे कट्टर चाहते होते, त्यांचे एक पत्र ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापून आले होते. तरुण डॉक्टरवर जीव जडलेल्या प्रेक्षकांचा या वेळी उलटा आक्षेप होता : हे फार वयस्क! पहिल्या भागात सहप्रवासी क्लारा हीच भावना बोलून दाखवते आणि डॉक्टरची जुनी मैत्रीण मादाम व्हॅस्ट्रा तिची चांगली कानउघाडणी करते. मग स्मिथ यांचा जुना डॉक्टर भूतकाळातून क्लाराला फोन करून सांगतो, की तो तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे, त्याला सांभाळ. मला स्वतःला मालिकेतला हा सर्वांत हळवा युक्तिवाद वाटतो. त्यात प्रेक्षकाला रागावलेले नाही, त्याच्याकडे मदत मागितलेली आहे.

१६ जुलै २०१७ रोजी, विम्बल्डनचा पुरुषांचा अंतिम सामना संपल्यावर, जोडी व्हिटेकर यांचे नाव जाहीर झाले. डॉक्टरची भूमिका मालिकेत प्रथमच एका स्त्रीकडे जात होती. कल्पना मात्र नवी नव्हती. भूमिका सोडण्याची घोषणा करताना टॉम बेकर यांनी पुढच्या नटाला, तो असो वा ती, शुभेच्छा दिल्या होत्या, आणि मालिकेच्या जनकांपैकी एक असलेले सिडनी न्यूमन यांनी १९८६ मध्ये बीबीसीला तशी सूचनाही केली होती. तरीही वाद मोठा झाला. मुलग्यांसमोरचा एक आदर्श हरपला याचे वाईट वाटते, असे डेव्हिसन म्हणाले. कॉलिन बेकर यांनी त्यांना जाहीरपणे विरोध केला आणि व्हिटेकर यांचे मनापासून स्वागत केले. पुष्कळ मुलींना पहिल्यांदाच ‘माझा डॉक्टर’ आरशात सापडला, याचे मोल या वादात पुरेसे मोजले गेले नाही.

७ ऑक्टोबर २०१८ चा पहिला भाग ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ९ लाख लोकांनी पाहिला. त्यात शेफील्डच्या एका कारखान्यात ही डॉक्टर चमचे वितळवून सॉनिक स्क्रूड्रायव्हर हे डॉक्टरचे खास अवजार स्वतः घडवते. पुढच्या काही वर्षांत प्रेक्षकसंख्या निम्म्याच्या आसपास आली. याचे खापर अनेकांनी नायिकेवर फोडले, पण याच काळात लेखनप्रमुख बदलले होते, प्रक्षेपणाचा वार बदलला होता, आणि २०२० मध्ये डॉक्टरच्या जन्मकथेतच केलेला फेरफार चाहत्यांच्या मोठ्या गटाला रुचला नव्हता. कॉलिन बेकर यांच्या वेळी झाले तेच पुन्हा झाले. संहितेवरचा राग चेहऱ्यावर निघाला.

मे २०२२ मध्ये रवांडात जन्मलेले, स्कॉटलंडमध्ये वाढलेले शूटी गाटवा यांची निवड झाली. मालिकेचे प्रमुख डॉक्टर होणारे ते पहिले कृष्णवर्णीय कलावंत. त्यांच्याआधी मात्र टेनंट पुन्हा परतले. ९ डिसेंबर २०२३ च्या भागात जुना डॉक्टर नाहीसा न होता दोन झाले आणि दोघेही जगले. कोणालाच निरोप द्यावा लागू नये ही चाहत्यांची जुनी इच्छा त्यात पुरी झाली. पण निरोपाशिवाय नव्याला जागा मिळते का, यावर चाहत्यांत लगेच दोन तट पडले.

गाटवा यांचा डॉक्टर ३१ मे २०२५ रोजी गेला. प्रकाश ओसरला तेव्हा समोर बिली पायपर होत्या. वीस वर्षांपूर्वी टेनंट यांच्या उशाशी बसून जुन्या चेहऱ्यासाठी रडलेली रोझ ज्यांनी साकारली, त्याच पायपर. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले. त्यापुढे ‘डॉक्टर’ हा शब्द मात्र नव्हता.