टिकाऊ वस्तूंची खरेदी: प्रदेशाची आर्थिक स्थिती सांगणाऱ्या आकड्याची पार्श्वभूमी

किराणा भरणे थांबवता येत नाही, पण जुना फ्रिज आणखी वर्षभर चालवून घेता येतो. नोकरीची धास्ती वाटू लागली की कार, फ्रिज, फर्निचर यांची खरेदी सर्वांत आधी पुढे ढकलली जाते. हातात पैसा खेळू लागला की ती उचलही लवकर घेते. म्हणूनच एखाद्या प्रदेशाचे बरे चालले आहे की नाही, हे पाहताना अभ्यासक या खर्चाकडे वळतात.

हा खर्च वेगळा मोजण्याला पक्का पाया दिला तो अमेरिकी अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी. १९३८च्या त्यांच्या अभ्यासात वस्तूंचे नाशवंत, मध्यम टिकाऊ आणि टिकाऊ असे गट केलेले दिसतात. आज अमेरिकेच्या सरकारी हिशेबात सरासरी किमान ३ वर्षे टिकणारी वस्तू टिकाऊ धरतात. घर मात्र यात येत नाही. ते गुंतवणुकीत जाते.

त्याआधीच ही खरेदी कर्जाशी जोडली गेली होती. जनरल मोटर्सने १९१९मध्ये वाहनकर्ज देणारी कंपनी काढली आणि १९२०च्या दशकात हप्त्यांवर वस्तू घेणे सर्रास झाले. १९२९च्या शेअर बाजार कोसळण्यानंतर ही खरेदी झपाट्याने आटली. अर्थतज्ज्ञ क्रिस्टिना रोमर यांच्या मते त्यामागे पुढे काय होणार याची अनिश्चितता मोठी होती. लोकांच्या मनात काय चालले आहे, हे थेट विचारायला ग्राहकांच्या मानसिकतेचे अभ्यासक जॉर्ज कटोना यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सुरुवात केली. घरातल्या मोठ्या वस्तू घ्यायला ही वेळ चांगली आहे की वाईट, हा प्रश्न तिथल्या सर्वेक्षणात आजही असतो.

देशाचा आकडा असा हाती आला, प्रदेशाचा मात्र बराच काळ अडला. अडचण खरी होती: दुकानाच्या विक्रीवरून माल कुठे विकला गेला ते कळते, घेणारा कुठला ते कळत नाही. कर कमी म्हणून लोक शेजारच्या राज्यात जाऊन खरेदी करतात. राज्यवार ग्राहकखर्चाचे अधिकृत अंदाज अमेरिकेने पहिल्यांदा २०१४मध्ये, तेही प्रायोगिक म्हणून, मांडले. तोवर अभ्यासकांची भिस्त वाहन नोंदणीवर होती, कारण नोंदणीला मालकाचा पत्ता जोडलेला असतो.

या नोंदींचा सर्वांत डोळस उपयोग अतिफ मियाँ आणि अमीर सुफी या अर्थतज्ज्ञांनी केला, असे मला वाटते. २००६ ते २००९च्या पडझडीत अमेरिकेतल्या ज्या काउंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये) कुटुंबांवर कर्जाचा बोजा जास्त होता, तिथे कारविक्री अधिक घसरली, हे त्यांनी दाखवले. २००९च्या उन्हाळ्यात जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्यांना सरकारने अनुदान दिले, तेव्हा त्यांनी पात्र जुन्या गाड्या जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या शहरांची तुलना केली. दोन महिन्यांत सुमारे ३ लाख ७० हजार गाड्या जास्त खपल्या होत्या. पण मार्च २०१० येईपर्यंत ही वाढ जवळजवळ पुसली गेली. पुढे होणारच होती ती खरेदी लोकांनी आधीच उरकून घेतली होती. देशाच्या एका आकड्यात हे इतके स्पष्ट दिसले नसते.

म्हणून खरेदी वाढली की प्रदेश श्रीमंत झाला, असे मानू नये. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७मध्येच बजावले होते की कार घेण्याचे वर्ष एक असते, तिचा उपभोग मात्र अनेक वर्षे चालतो. माझ्या मते हा आकडा दिशा बदलली का, हे सांगायला उत्तम; दोन प्रदेशांची सुबत्ता तोलायला कच्चा.

इटलीत तर नोंदणीचा पत्ताही फसवतो. उत्तर इटलीतल्या आओस्ता, त्रेन्तो आणि बोल्झानो इथे वाहन नोंदणीवरचा कर कमी असल्याने गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या आपला ताफा तिथे नोंदवतात. परिणामी छोट्याशा आओस्ता खोऱ्यात कागदोपत्री माणसांपेक्षा कार जास्त आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या देशात दुसरीकडेच धावतात. त्यामुळे इटलीतल्या प्रांतांची तुलना करताना कुटुंबांच्या नावावरच्या गाड्या आधी वेगळ्या काढाव्या लागतात.