नोकरी सुटल्यावर पीएफचं व्याज आणि ‘इनऑपरेटिव्ह’ची भानगड

हिंजवडीत कुणाची नोकरी गेली की पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला, पीएफ काढू की राहू देऊ. 1952 चा कायदा वगैरे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. एवढंच की आपल्याकडे बेकार माणसाला पीएफमध्ये स्वतःहून पैसे भरायची सोय नाही, पगार थांबला की भरणा थांबला. ईएसआयमध्ये, म्हणजे कमी पगारवाल्या कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, 2005 पासून बेकारी भत्ता आहे, 2018 ला दुसरी योजना आली, पण महिना पगाराची मर्यादा 21,000, मग आयटीवाल्यांनी त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

खरा घोळ ‘इनऑपरेटिव्ह’, म्हणजे निष्क्रिय खातं, या शब्दाचा. एप्रिल 2011 पासून नियम असा की 36 महिने खात्यात भरणा नाही तर व्याज बंद. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर, आला 2014 ला, त्याआधी दर कंपनीत नवा नंबर, ट्रान्सफरसाठी फॉर्म 13 आणि मागे लागणं, त्यामुळे चांगली नोकरी चालू असलेल्यांचीही जुनी खाती बिनव्याजी पडून राहिली. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय होता. नोव्हेंबर 2016 ला तो फिरवला. आता चाळिशीत नोकरी सुटली आणि पैसे तसेच ठेवले तर वयाच्या 58 पर्यंत व्याज मिळतं. तरी ‘तीन वर्षांनी व्याज बंद’ हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर अजून फिरतोच!

पण व्याज मिळणं वेगळं आणि ते टॅक्स-फ्री असणं वेगळं. 2002 ला रिटायर होऊन 2011 ला पैसे काढलेल्या एकाच्या केसमध्ये बंगळुरूच्या आयकर ट्रिब्युनलने 2017 ला सांगितलं की टॅक्सची सूट नोकरी सुटल्या दिवशीच्या शिलकेला, नंतरच्या व्याजाला नाही. माझ्या पासबुकात आता भरण्याचे रकाने शून्य आणि 31 मार्चची व्याजाची एक ओळ, त्यात टॅक्सचा उल्लेख कुठेच नाही, रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून आपणच टाकायचं. घरी बसलेल्याला प्रत्यक्षात टॅक्स बहुधा लागत नाही, 2025-26 पासून नव्या टॅक्स रिजिममध्ये 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे टॅक्स माफ आहे, पण त्याच वर्षी नवी नोकरी लागली की ते व्याज पगारात मिळवलं जातं.

ऑक्टोबर 2025 ला पीएफच्या विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला, नोकरी सुटली की 75 टक्के लगेच काढा, पूर्ण रक्कम मात्र दोनऐवजी बारा महिन्यांनी, आणि पेन्शनचा हिस्सा (कंपनीच्या भरण्यातला पेन्शन योजनेत जाणारा भाग) दोनऐवजी 36 महिन्यांनी. यावरून केवढी बोंबाबोंब झाली. पेन्शनच्या भागाबाबत मला तो तितका वाईट वाटत नाही, कारण पेन्शनला दहा वर्षं लागतात आणि हिस्सा काढला की आधीची सर्व्हिस गेली. मैत्रिणीची नऊ वर्षं दोन महिने झाली होती, हातात पैसे नाहीत म्हणून तिने तो हिस्सा काढायचा फॉर्म 10सी भरला, सात महिन्यांनी बाणेरला नोकरी लागली आणि मोजणी पुन्हा एकपासून.