अमोनिया की अमोनियम? किटचा आकडा तोच, धोका वेगळा

अमोनिया मोजायच्या किटने नळाचं पाणी टेस्ट केलं, नळीतला पिवळा रंग हिरवट झाला आणि तक्त्याशी जुळवल्यावर आकडा निघाला ०.५. आता हे पाणी माशांच्या टाकीत घालायचं का? किट एवढंच सांगतं की अमोनिया आणि अमोनियम मिळून लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. त्यात कोण किती, ते सांगत नाही. माशाचा जीव मात्र त्यावरच अवलंबून असतो.

अमोनियावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज रक्तात शिरतो. त्याला एक हायड्रोजन आयन चिकटला की झाला अमोनियम. हा भारित असल्यामुळे तो पडदा सहजी ओलांडत नाही. पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, ते सांगणारा आकडा) वाढला की अमोनियम तो हायड्रोजन सोडतो आणि पुन्हा अमोनिया होतो, तेही क्षणात. तापमान वाढलं तरी तोल अमोनियाकडेच झुकतो.

आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी नळातून आलं तेव्हा पीएच ७.२ होता. बादलीत एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी ८.२! बोअरच्या पाण्यात विरघळलेला, पीएच खाली ठेवणारा कार्बन डायऑक्साइड तेवढा उडून गेला होता. आता हिशोब बघा. २८ अंशांना ७.२ पीएचवर एकूण आकड्याचा जेमतेम १ टक्का विषारी अमोनिया असतो, ८.२ वर जवळपास १० टक्के. म्हणजे किटवरचा ०.५ तोच राहिला, पण विषारी भाग ०.००५ वरून ०.०५ वर गेला. एवढ्या अमोनियाने कल्ल्यांना इजा व्हायला लागते. ‘पाणी शिळं करून घाला’ हा सल्ला क्लोरीनपुरता ठीक आहे. ज्या पाण्यात अमोनिया आहे, त्याचा पीएच शिळं झाल्यावर पुन्हा मोजायलाच हवा.

कोलकात्याहून दोन दिवस प्रवास करून आलेल्या माशांच्या पिशवीतही हेच घडतं. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा अमोनियम होऊन निपचित पडलेला असतो. पिशवी उघडून त्यात टाकीतलं पाणी थेंब-थेंब सोडत तासभर बसलात, तर पीएच चढतो आणि मासे त्याच पाण्यात भाजून निघतात. अशा वेळी बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडून लगेच मासे जाळीने उचला. पिशवीतलं पाणी टाकून द्या.

दुकानातलं साधं अँटी-क्लोरीन बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं. ते क्लोरीन घालवतं, अमोनियाला हात लावत नाही. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल, तर ते तोडून उलट अमोनिया मोकळा करतं. अमोनिया बांधणारं कंडिशनर वेगळं मिळतं, ते मागून घ्या. ते घातल्यावरही किट पूर्वीसारखाच हिरवा रंग दाखवू शकतं, म्हणून घाबरून दुप्पट डोस देऊ नका.

बरेच दिवस चालून मुरलेल्या फिल्टरमधले जिवाणू ०.५ चा बंदोबस्त सहसा दिवसभरात करतात, पण त्यांना तेवढा वेळ मिळाला पाहिजे. म्हणून अर्धी टाकी एकदम बदलू नका, पाचवा हिस्सा बदला. एअर पंप चालू ठेवा आणि त्या दिवशी खाणं घालू नका. मासे वर येऊन धापा टाकताहेत का, कल्ले लालभडक दिसताहेत का, हे पहिला तासभर समोर बसून बघा.